मावळतीची भिंत आणि दारचा करंज

मे महिन्यातल्या कुठल्याही रात्री, जेवणं उरकल्यावर, घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळवा टेकवून पाहा. साडेनऊ-दहा वाजलेले असतात. सूर्य मावळून अडीच-तीन तास झालेले असतात, अंगणात एखादी झुळूकही सुरू झालेली असते. भिंत मात्र ताप भरलेल्या पोराच्या कपाळासारखी लागते. आता तोच हात आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीला लावा. विटा त्याच, गिलावा तोच, गवंडीही तोच. फरक आहे तो दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंतच्या उन्हाचा.

नऊ इंची विटेची भिंत ऊन सावकाश पिते आणि तितक्याच सावकाश आत सोडते. बाहेरच्या बाजूला चार-पाच वाजता लागलेली आच आतल्या गिलाव्यापर्यंत पोचायला सहा-सात तास लागतात. म्हणजे ती पोचते रात्री दहा-अकराला, आपण अंथरुणावर आडवे होतो त्याच सुमाराला. पश्चिमेच्या बेडरूममधला एसी मध्यरात्री ज्याच्याशी झुंजत असतो, ते दुपारी चारचं ऊन असतं. बाहेरची हवा तोवर निवायला लागलेली असते.

वीज वाचवायची म्हटलं की आपण यंत्रांकडे बघतो. एसीवरचे तारे मोजतो, एलईडी दिवे लावतो, रिमोटवरचा आकडा वाढवतो. ते बरोबरच आहे. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात आणि तापमान एक अंशानं वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी’चा हिशेब आहे. पण एसीला, कूलरला, पंख्याला मुळात काम किती पडणार, हे घराबाहेर ठरतं. ज्यांच्या घराला चार हात का होईना मोकळी जागा आहे, त्यांच्या हातात ते काम कमी करण्याचा उपाय आहे. मात्र ‘घराभोवती झाडं लावा, गारवा मिळेल’ एवढं म्हणून भागत नाही. झाड कोणतं, कुठे आणि किती अंतरावर, यावर सगळं अवलंबून आहे.

एका खिडकीची इस्त्री

आधी ऊन म्हणजे किती, ते पाहू. मेमधल्या स्वच्छ दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला पाचशे-सहाशे वॅट उष्णता पडते. भिंत त्यातला मोठा भाग बाहेरच्या हवेला परत देते, थोडा भाग आत येतो. खिडकीचं तसं नाही. चार बाय पाच फुटांच्या साध्या काचेतून त्या वेळी सुमारे आठशे वॅट सरळ खोलीत उतरतात. एक इस्त्री चालू करून खोलीत ठेवायची आणि वर एसी लावायचा, असा हा प्रकार.

यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे जाड पडदा. त्यानं डोळ्यांना बरं वाटतं, पण ऊन तोवर काच ओलांडून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. काच उन्हाला आत येऊ देते, पण तापलेल्या वस्तूंतून निघणाऱ्या उष्णतेला सहज बाहेर जाऊ देत नाही. बंद मोटारीत दुपारी हाच अनुभव येतो. म्हणून नियम एकच: ऊन भिंतीला आणि काचेला लागण्याआधी, बाहेरच अडवायचं. वाळ्याचा पडदा, बांबूची चिक, पडवी, मांडव आणि झाड या सगळ्यांचं काम हेच आहे.

झाडाची बाब थोडी आणखी वेगळी. पत्र्याची झडप सावली देते, पण स्वतः तापते. पान तापत नाही, कारण ते घाम गाळतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ ०.७ युनिट उष्णता लागते आणि पान ती आजूबाजूच्या हवेतून आणि उन्हातून घेतं. भरपूर पाणी मिळालेलं मोठं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी हवेत सोडत असेल, तर ते जवळपास ७० युनिट उष्णता खर्ची घालतं. दीड टनाचा एसी तेरा तास चालला, तर तो खोलीतून एवढी उष्णता बाहेर काढतो. (हा ‘टन’ एसीच्या वजनाचा नव्हे. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषली जाईल, तितका गारवा म्हणजे एक टन.)

असे आकडे ऐकले की हुरळून जायला होतं, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एसीचा गारवा खोलीत कोंडलेला असतो, झाडाचा गारवा वाऱ्याबरोबर गल्लीभर वाटला जातो. शिवाय जमिनीत ओल नसेल तर ऐन उन्हाळ्यात झाड पानांची रंध्रं मिटून घेतं आणि घाम गाळणं थांबवतं. तेव्हा घरमालकानं भरवसा ठेवायचा तो सावलीवर. बाष्पाचा गारवा वरकड समजायचा.

पुस्तकातली दक्षिण, आपली वायव्य

घर गार ठेवणाऱ्या बागेबद्दलची बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतून येते. तिथली पुस्तकं सांगतात, ‘घराच्या दक्षिणेला पानगळीची झाडं लावा’. चाळीस-पन्नास अक्षांशांवर ते बरोबर आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो, उन्हाळ्यात झाडानं तो अडवावा आणि हिवाळ्यात पानं गाळून आत येऊ द्यावा, हा हेतू. तो सल्ला जसाच्या तसा पुण्या-नागपुरात आणला की फसतो.

पुणे साडेअठरा अक्षांशावर, नागपूर एकवीसच्या थोडं वर. पुण्यात मेच्या मध्यावर एके दिवशी भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर थेट जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास येतच नाही. दुपारी तापतं ते छप्पर आणि दुपारनंतर पश्चिम. पूर्वेलाही सकाळी ऊन असतं, पण तेव्हा घर रात्रीचं निवलेलं असतं, ते ऊन पचून जातं. पश्चिमेचं ऊन येतं ते दिवसभर तापलेल्या घरावर.

पश्चिम म्हणजेही नकाशावरची नेमकी पश्चिम नव्हे. मेच्या मध्यावर साडेचार वाजता पुण्याचा सूर्य पश्चिमेपासून दहा अंश उत्तरेला सरकलेला असतो, मावळताना वीस अंश. म्हणून खिडकीच्या अगदी समोर लावलेलं झाड अनेकदा चुकतं. सावली पडते, पण खिडकीच्या दक्षिणेकडच्या कोऱ्या भिंतीवर. झाड थोडं वायव्येकडे सरकवायला हवं. ऑक्टोबरच्या उकाड्यात सूर्य उलट पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो. जागा असेल तर दोन झाडं लावावीत, एक मेसाठी वायव्येकडे आणि दुसरं ऑक्टोबरसाठी थोडं नैऋत्येकडे. एकाचीच जागा असेल तर वायव्येचं.

दिशेचं महत्त्व नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो हे कोरड्या, कडक उन्हाळ्याचं गाव. तिथली वीज कंपनी १९९० पासून ग्राहकांना सावलीची झाडं फुकट देते, कारण दुपारनंतर एसी एकदम चालू झाल्यावर वाढणारी विजेची मागणी तिला आटोक्यात ठेवायची असते. तिथल्या दोन घरांभोवती झाडं ठेवून केलेल्या मोजणीत थंडाव्यासाठी लागणारी वीज हंगामात ३० टक्क्यांनी कमी भरली. पुढे जेफ्री डोनोव्हन आणि डेव्हिड ब्युट्री या अभ्यासकांनी त्याच गावातल्या ४६० घरांची २००७ च्या उन्हाळ्यातली बिलं तपासली आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. पश्चिम आणि दक्षिणेच्या झाडांमुळे उन्हाळ्याचा वापर सरासरी १८५ युनिटनी, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास घटला होता. उत्तरेच्या झाडांमुळे मात्र तो थोडा वाढला होता. झाडं सगळीकडे होती, पण बिलात दिसली ती दिशा.

आपल्याकडे या बचतीला आणखी एक धार आहे. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. उन्हाळ्यात एसीचे युनिट सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. म्हणून झाडानं वाचवलेला युनिट हा महिन्यातला सर्वांत महागडा युनिट असतो.

काठी, दोरी आणि साडेचारची वेळ

झाडाची जागा ठरवायला आर्किटेक्ट लागत नाही. मेमध्ये एका मोकळ्या दुपारी पाच फुटांची सरळ काठी पश्चिमेच्या अंगणात उभी रोवा. साडेतीन, साडेचार आणि साडेपाच वाजता तिच्या सावलीच्या टोकाला एकेक खडा ठेवा. पुण्यात साडेतीनला सावली साधारण काठीइतकीच पडेल, साडेचारला दीडपट आणि साडेपाचला पावणेतीनपट. साडेचारच्या सावलीची जी दिशा, तीच दोरी खिडकीच्या मध्यापासून सूर्याच्या बाजूला ताणा. झाडाची जागा त्या दोरीवर कुठेतरी आहे.

कुठे, ते उंचीवर ठरतं. समजा, झाड २० फूट उंच होणार आहे आणि ते भिंतीपासून १२ फुटांवर आहे. साडेतीनला त्याच्या शेंड्याची सावली भिंतीवर सात फुटांपर्यंत चढलेली असेल. साडेचारला ती बारा फुटांवर गेलेली असेल, म्हणजे तळमजल्याची भिंत पूर्ण झाकलेली. झाड २५ फूट दूर लावलं तर साडेचारला हीच सावली जेमतेम साडेतीन फूट चढेल, खिडकी उघडीच राहील. कुंपणालगत झाडं लावून ‘तरीही घर तापतंच’ म्हणणाऱ्यांचं गणित इथे चुकलेलं असतं.

साडेपाचनंतर सूर्य इतका खाली येतो की ऊन झाडाच्या डोक्याखालून, खोडाच्या बाजूनं आत डोकावतं. त्यासाठी झाडाच्या अलीकडे, भिंतीच्या जवळ, जास्वंद, कण्हेर किंवा अडुळशाची माणूसभर उंचीची रांग पुरते.

अंतर कमी करण्याला मर्यादा आहे ती जमिनीची. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत घर असेल, तर जास्त सावध राहायला हवं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मोठ्या झाडानं पायाजवळचं पाणी ओढलं की ती आणखी आकसते आणि भिंतीला तडे जातात. तिथे मोठं झाड पंधरा-वीस फुटांवर आणि घराजवळ मांडवावरचा वेल, अशी वाटणी शहाणपणाची. वड, पिंपळ आणि उंबर मात्र कुठल्याही मातीत घराजवळ नकोत. त्यांची मुळं नळ, चेंबर, भिंतीची फट काहीही सोडत नाहीत.

मेमध्ये अंगावर पानं हवीत

आता झाड कोणतं? रोपवाटिकेत आपण फूल बघतो. सावलीसाठी बघायचं असतं ते मेमधलं पान.

बहावा मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लहडतो, पण त्या वेळी त्याच्यावर पानं विरळ असतात. गुलमोहराचंही साधारण तसंच, शिवाय त्याची मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ. वळवाच्या पहिल्या वादळात रस्त्यावर आडवं पडलेलं झाड बऱ्याचदा त्याचंच असतं. ही झाडं डोळ्यांसाठी लावावीत, भिंतीसाठी नाही.

भिंतीसाठी पहिलं नाव करंजाचं. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो आणि बाकी रान वाळत असताना एप्रिलमध्ये पोपटी, तकतकीत पालवीनं भरून जातो. मेमध्ये त्याच्याखाली उभं राहिलं तर उन्हाचा कवडसाही मुश्किलीनं सापडतो. फार उंच जात नाही, छाटणी सोसतो, हलक्या जमिनीत जगतो. कडुनिंबही मार्चच्या आसपास पालवतो आणि मेपर्यंत दाट होतो, पण त्याला अंतर जास्त द्यावं लागतं. बकुळ बारमाही दाट आणि देखणी, फक्त वाढीला सावकाश. आंबा आणि फणस सावलीला उत्तम, जागा असेल तर. छोट्या प्लॉटवर पेरूही चालतो. घर आणि कुंपण यांच्यात आठ-दहा फुटांचीच पट्टी असेल तर आसुपालवाची रांग. दुपारी बाराला तिचा उपयोग नाही, पण कलत्या उन्हापुढे ती पडद्यासारखी उभी राहते.

दक्षिणेला काय? तिथे हिवाळ्यात ऊन हवं असतं. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य पुण्यात दक्षिणेला ४८ अंशांवर असतो, खिडकीतून आत येतो, नाशिक-पुण्याच्या गारठ्यात फुकटची ऊब देतो. म्हणून दक्षिणेला दाट झाड नको. फारच हौस असेल तर देवचाफा लावावा. तो थंडीत नुसत्या फांद्यांनिशी उभा असतो आणि ऊन चढू लागलं की पानं धरतो. गच्चीवर सोलर बंब किंवा सौर पॅनेल असतील, तर दक्षिणेची बाजू अगदी मोकळी ठेवायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेनंतर घरोघरी पॅनेल बसू लागली आहेत. पॅनेलच्या माळेतल्या एकावरही फांदीची सावली पडली, तर पूर्ण माळेची वीज घटू शकते. झाडानं एसी वाचवायचा आणि पॅनेल मारायचं, असा व्यवहार नको.

उत्तरेलाही दाटी नको. उत्तरेचा प्रकाश चकाकी न आणता दिवसभर मिळतो. तो झाकून दुपारी ट्यूबलाइट लावायची म्हणजे एका हातानं मिळवून दुसऱ्या हातानं घालवणं.

झाड लावण्यापूर्वी वरची वीजतार बघा. शहरात राहत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. झाड आपल्या अंगणात असलं तरी ते मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या वृक्षांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तेव्हा जागा आधीच नीट ठरवावी.

झाड वाढेपर्यंत दोडका

‘झाड मोठं होईपर्यंत पाच वर्षं काय उकडत बसायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या परसात आधीपासून आहे: मांडव.

पश्चिमेच्या भिंतीपासून फूट-दीड फूट अंतर सोडून बांबू उभे करा, त्यांवर सुतळीची किंवा नायलॉनची जाळी ताणा आणि फेब्रुवारीत पायथ्याला दोडका, घोसाळं, दुधी किंवा कारल्याच्या बिया टोका. रोज पाणी मिळालं तर एप्रिलच्या मध्यापर्यंत जाळी भरते. घोसाळ्याचं पान तळहाताएवढं, एकावर एक कौलांसारखं रचलेलं. दुपारी चार वाजता या जाळीमागे हात घालून पाहा. पलीकडे चटका, अलीकडे ओलसर सावली, आणि भिंत तशीच गार. पहिल्याच उन्हाळ्यात सावली मिळते आणि वर भाजी.

ते फूटभर अंतर महत्त्वाचं आहे. त्या फटीतून हवा वर सरकते आणि उष्णता घेऊन जाते. वेल भिंतीवरच चढवला तर पावसाळ्यात गिलावा ओल धरतो आणि पालीपासून मुंग्यांपर्यंत सगळ्यांना वाट मिळते.

भाजीचे वेल हंगामी असतात, म्हणून त्याच वर्षी जाळीच्या एका टोकाला मधुमालती किंवा कृष्णकमळ लावून ठेवायचं. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ते जाळी ताब्यात घेतात. तोवर करंज डोक्यावर गेलेला असतो. पहिल्या उन्हाळ्याला दोडका, तिसऱ्याला मधुमालती आणि सहाव्याला करंज, असा हा क्रम.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही हे वाचून पान उलटू नये. पश्चिमेच्या बाल्कनीत दोन मोठ्या कुंड्या आणि ग्रिलवर चढणारा वेल, किंवा काचेच्या बाहेरच्या बाजूला बांबूची चिक, एवढ्यानं ती ‘इस्त्री’ बंद होते. चिक बाहेर हवी, आत नव्हे.

वारा आणि जमीन

इथे एक पेच आहे. पश्चिमेकडून ऊन येतं, आणि कोकणात, मुंबईत, घाटमाथ्यावर वाराही पश्चिमेकडूनच येतो. ऊन अडवण्याच्या नादात वारा अडवला तर दमट हवेत घर भट्टी होईल. दमट हवेत बाष्पाचा गारवा फारसा मिळत नाही, तिथे घाम वाळवायला वाराच लागतो.

कोकणातल्या आगरांनी हा पेच पूर्वीच सोडवला आहे. माड आणि पोफळी उंच, सरळ, डोकी आभाळात. छपरावर सावली आणि खोडांमधून वारा घरात. आपल्या करंजाला किंवा आंब्यालाही हीच युक्ती करता येते. खालच्या फांद्या हळूहळू छाटून डोकं सात-आठ फुटांवर न्यायचं, म्हणजे खालून झुळूक येत राहते. (माड मात्र छपरापासून दूर हवा, नारळाला कौल आणि डोकं यांतला फरक कळत नाही.)

विदर्भात उलट स्थिती. तिथे मेच्या दुपारी झळा नको असतात. वायव्येकडे दाट झाडी आणि झुडपांची रांग असेल तर तापलेला वारा तिच्यातून गाळून येतो. दुपारी खिडक्या बंद आणि रात्री उघड्या, हा शिरस्ता ठेवला तर कूलरलाही काम कमी पडतं.

मग जमीन. पेव्हर ब्लॉक घातलेलं अंगण स्वच्छ दिसतं, पण दुपारी त्याचं तापमान पन्नाशीच्या पुढे जातं आणि ते भिंतीवर खालून शेक देतं. पश्चिमेच्या भिंतीलगतची पाच-सहा फुटांची पट्टी तरी फरशीतून मोकळी ठेवावी आणि तिथे जमिनीवर पसरणारी झाडं लावावीत. लॉनचा मोह मात्र आवरावा. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मेमध्ये टँकर येतो, तिथे वीज वाचवायला पाणी उधळणं शोभत नाही. झाडाला मात्र पहिली दोन-तीन वर्षंच सांभाळावं लागतं. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं वीतभर आच्छादन, शेजारी पुरलेलं छिद्राचं मडकं आणि त्यात भाज्या-तांदूळ धुतल्याचं पाणी, एवढ्यावर ते तरतं. एसीतून ठिबकणारं पाणीही वाया घालवू नये.

एसीच्या बाहेरच्या युनिटवर सावली केली तर फायदा होतो, पण लोक समजतात तितका नाही. त्यापेक्षा त्याच्याभोवती दोन-तीन फूट मोकळी जागा असणं महत्त्वाचं. हवा कोंडली की वीज जास्त जाते.

गच्ची: झाडाच्या आवाक्याबाहेरचं ऊन

एक गोष्ट झाड करू शकत नाही. भर दुपारी डोक्यावरचं ऊन छपरावर दर चौरस मीटरला हजार वॅटच्या घरात पडतं आणि सिमेंटचा स्लॅब ते भिंतीसारखंच साठवून रात्री आत सोडतो. फार मोठा आंबा असेल तरच छप्पर सावलीत येतं. बाकीच्यांना गच्चीवर वेगळा उपाय करावा लागतो: पांढरा चायना मोझॅक, चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात, किंवा बांबूच्या मांडवावर वेल आणि हिरवी जाळी.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा हिशेब आधी करावा. सहा इंच जाडीचा ओल्या मातीचा थर दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतो, आणि साध्या गच्चीचं गणित माणसांच्या वावरासाठी दीडशे किलोचं धरलेलं असतं. म्हणून नुसती माती नको. पालापाचोळा, उसाचं चिपाड, कोकोपीट आणि शेणखत यांचं हलकं मिश्रण वापरावं, जड कुंड्या तुळईच्या वर ठेवाव्यात आणि सरसकट थर द्यायचा असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय काही करू नये. पावसापूर्वी पन्हळी साफ करायला विसरू नये, नाहीतर वाचवलेली वीज गळती दुरुस्त करण्यात जाईल.

मृगाआधीचा खड्डा

हे सगळं एकदम करायचं नसतं. पैसा आणि कष्ट मोजके असतील तर क्रम असा ठेवावा: आधी पश्चिमेची खिडकी, मग पश्चिमेची भिंत, मग गच्ची, मग अंगणातली फरशी. पूर्व नंतर बघता येईल, दक्षिण-उत्तर मोकळ्याच राहू द्या.

झाडाचा खड्डा मेमध्येच खणायचा असतो, अडीच-तीन फूट लांब, रुंद आणि खोल. तो पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्यावा, मग मृगाचा पाऊस झाला की खतमातीनं भरून रोप लावावं. एकदा जून हुकला की एक उन्हाळा हुकतो, आणि सहाव्या वर्षाची सावली सातव्या वर्षावर जाते.

रोप विकत आणलंच पाहिजे असंही नाही. रस्त्याकडेच्या करंजाखाली या दिवसांत चपट्या, तपकिरी शेंगा पडलेल्या असतात. ताज्या बिया ओल्या मातीत सहज रुजतात. येता-जाता चार शेंगा उचला.